गाळात रुतलेली नौका आणि ॲडमिरलची निवड

नौदलप्रमुख कोण होणार ही चर्चा आपल्याकडे विद्यमान प्रमुखांच्या निवृत्तीची तारीख जवळ आली की सुरू होते आणि बहुधा सेवाज्येष्ठतेच्या मुद्द्याभोवती फिरून संपते. २०१४ मध्ये व्हाइस ॲडमिरल शेखर सिन्हा यांना मागे ठेवून रॉबिन धोवन यांची निवड झाली तेव्हा ती झाली. २०१९ मध्ये बिमल वर्मा यांच्याऐवजी करमबीर सिंग यांची नेमणूक झाली आणि वर्मा यांनी सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, तेव्हाही ती झाली. ज्येष्ठता पाळावी की मोडावी हा प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही, परंतु तो फार उशिरा विचारला जातो. शेवटच्या दोन-तीन नावांतून एक निवडण्याची वेळ येते तोवर खरी निवड पस्तीस-चाळीस वर्षे होतच आलेली असते, आणि त्या निवडीत कोण टिकले याइतकेच कोण गळाले आणि कशामुळे गळाले हेही महत्त्वाचे असते. माझे म्हणणे असे आहे की नौदल आपल्या अधिकाऱ्याची कोणती चूक पोटात घालते आणि कोणती घालत नाही, यावरून त्याला पुढे कसे सेनानी मिळणार हे ठरते. आणि या बाबतीत आपली पद्धत जहाजाच्या कॅप्टनपाशी फार कठोर आणि त्याच्या वर फार धूसर आहे.

यासाठी एका परक्या अधिकाऱ्याची कारकीर्द पाहणे उपयोगी पडेल. ७ जुलै १९०८ रोजी फिलिपिन्समधील बटांगासच्या बंदरात शिरताना अमेरिकेची ‘डेकॅटर’ ही विनाशिका चिखलाच्या उथळ पट्ट्यावर चढली आणि रुतून बसली. तिचा प्रमुख अवघ्या २३ वर्षांचा होता आणि त्याचा हुद्दा होता एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांच्या उतरंडीतली अगदी खालची पायरी. किनाऱ्यावरच्या खुणांवरून कोन घेऊन नौकेचे नेमके स्थान ठरवायचे असते, ते त्याने अंदाजाने धरले होते; पाणी चढते आहे की उतरते आहे हेही पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी एका लहान आगबोटीने विनाशिका ओढून बाहेर काढली. जीवितहानी झाली नव्हती, पण नौदलाच्या नियमांप्रमाणे त्याचे कोर्ट मार्शल झाले, कर्तव्यात हयगय केल्याचा ठपका बसला आणि शिक्षा म्हणून जाहीर ताशेरे मिळाले.

त्या तरुणाचे नाव चेस्टर निमिट्झ. या प्रसंगाला दोन वर्षे होण्याच्या आतच त्याला बढती मिळाली, तीही मधली एक पायरी वगळून. मोठ्या युद्धनौकांवर जाण्याची त्याची इच्छा होती, परंतु त्याला पाणबुड्यांवर पाठवण्यात आले, जिकडे त्या काळी मान कमी आणि धोका जास्त होता. तिथे त्याने डिझेल इंजिनांचे असे ज्ञान मिळवले की पुढे त्या विषयातला जाणकार म्हणून तो ओळखला जाऊ लागला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख हजबंड किमेल यांना दूर करण्यात आले आणि ३१ डिसेंबर १९४१ रोजी निमिट्झ यांनी ‘ग्रेलिंग’ या पाणबुडीच्या डेकवर उभे राहून त्या ताफ्याची सूत्रे घेतली. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जपानच्या शरणागतीवर अमेरिकेच्या वतीने सही करणारे तेच होते.

या कारकिर्दीत मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट ना १९०८ ची आहे, ना १९४५ ची. ताफ्याची सूत्रे हाती येताच निमिट्झ यांनी पराभूत प्रमुखाच्या हाताखालचे अधिकारी हाकलून लावले नाहीत. हल्ल्याच्या दिवशी ताफ्याचे गुप्तवार्ता अधिकारी असलेले एडविन लेटन यांच्याविषयी तर कोणीही म्हणाले असते की, ज्याला शत्रूची सहा विमानवाहू जहाजे येताना कळली नाहीत त्याला त्या जागेवर कशाला ठेवायचे? निमिट्झ यांनी त्यांना ठेवले. पाच महिन्यांनी मिडवेच्या लढाईआधी जपानी ताफा कुठून, कधी आणि कोणत्या दिशेने दिसेल याचा जो अंदाज लेटन यांनी संदेशांच्या उकलीवरून बांधला, तो जवळजवळ तंतोतंत ठरला आणि जून १९४२ मध्ये जपानने आपली चार विमानवाहू जहाजे गमावली. निमिट्झ यांनी हे आपल्या बटांगासच्या आठवणीमुळे केले, असे सिद्ध करता येणार नाही. तरीही ज्याला स्वतःच्या चुकीनंतर पुन्हा उभे राहण्याची संधी मिळाली होती त्याला दुसऱ्याच्या चुकीत नालायकीखेरीज आणखी काही दिसू शकले, असे मानायला मला हरकत वाटत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येत नाही. गाळात नौका रुतवणारे सगळेच पुढे निमिट्झ होत नाहीत. यशस्वी झालेल्या एकाचे उदाहरण घेऊन धोरण ठरवणे म्हणजे तर्कदुष्टता होईल. शिवाय १९०८ ची विनाशिका ही आजच्या मानाने लहान नौका होती, तर आज एका विनाशिकेवर तीनशेच्या आसपास माणसे असतात, तिच्या बांधणीला हजारो कोटी रुपये लागतात आणि तिच्यावरच्या क्षेपणास्त्रांची व दारूगोळ्याची चूक बंदरालाही भोवू शकते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर झालेल्या स्फोटांत १८ जण मृत्युमुखी पडले. जिथे चुकीची किंमत अशी मोजावी लागते तिथे क्षमेची भाषा करणाऱ्याने आपण नक्की कशाला क्षमा म्हणतो हे आधी सांगितले पाहिजे.

म्हणून स्पष्ट करतो. कॅप्टनने आपल्या जहाजावर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल उत्तरदायी असावे, हा नियम सैल करावा असे मी म्हणत नाही. समुद्रावर त्याचा शब्द अखेरचा असतो. अधिकार पूर्ण आहे तर उत्तरही पूर्ण द्यावे लागेल. चूक लपवणारा, नोंदवहीत फेरफार करणारा, ठरलेली खबरदारी वारंवार धाब्यावर बसवणारा अधिकारी गेलाच पाहिजे. माझा वाद पुढच्या पायरीपासून सुरू होतो. उत्तर द्यावे लागणे आणि कारकीर्द संपणे या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण मानतो, आणि तसे मानण्याचे परिणाम आपण मोजत नाही.

भारतीय नौदलातल्या अधिकाऱ्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणला की हे परिणाम दिसू लागतात. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा केरळमधील एळिमलाची नौदल अकादमी, मग समुद्रावरची उमेदवारी, मग ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, स्वतंत्रपणे ‘वॉच’ (पाळी) सांभाळण्याचे प्रमाणपत्र, त्यानंतर तोफखाना, पाणबुडीविरोधी युद्ध, नौकानयन अशा एखाद्या शाखेतले विशेष शिक्षण. साधारण १३ वर्षांच्या सेवेनंतर कमांडर हा हुद्दा कालबद्ध बढतीने मिळतो. खरी चाळणी त्यापुढे आहे. कॅप्टन होण्यासाठी निवड मंडळापुढे अधिकाऱ्याचे गोपनीय अहवाल ठेवले जातात, आणि पुढे रिअर ॲडमिरलच्या पायरीवर तर जागा इतक्या थोड्या की चांगल्या आणि अतिशय चांगल्या अधिकाऱ्यांतला फरक दशांश चिन्हानंतर शोधावा लागतो. मोठ्या युद्धनौकेचे नेतृत्व बहुतेकांना आयुष्यात एकदाच मिळते, तेही वर्ष-दीड वर्ष. त्या काळात जहाज खडकाला घासले, धक्क्याला आपटले किंवा कुठे आग लागली, की चौकशी मंडळ बसते, नापसंतीचे पत्र येते, नेतृत्व काढून घेतले जाते आणि पुढच्या निवड मंडळापुढे दोन जवळपास सारख्या फायली आल्या की डाग नसलेली फाईल वर जाते. यात कोणाचा दुष्टावा नाही. तीव्र स्पर्धेत आणि थोड्या जागांत दुसरे काय होणार? पण या चाळणीतून जो माणूस शेवटपर्यंत पोहोचतो तो चूक न करणाराच असतो असे नाही. ज्याने चूक होण्याची शक्यता असलेले काहीच केले नाही तोही त्यातून सहज पार होतो. फाईल या दोघांत फरक करू शकत नाही.

शांततेच्या काळात हा फरक फारसा जाणवत नाही. युद्धात जाणवतो. १९७१ मध्ये ‘विक्रांत’ या आपल्या तेव्हाच्या एकमेव विमानवाहू जहाजाच्या बॉयलरला तडा गेलेला होता आणि त्यामुळे जहाजाचा वेग मर्यादित झाला होता. ते धक्क्याला बांधून ठेवणे नियमाला धरून झाले असते आणि कोणी बोट दाखवले नसते. तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा आणि पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ते बंगालच्या उपसागरात वापरले, आणि त्याच्यावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार इथल्या लक्ष्यांवर हल्ले चढवून पूर्व पाकिस्तानची समुद्रावरची वाट बंद केली. पश्चिमेकडे ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र नौका मुळात किनाऱ्याच्या संरक्षणासाठी घेतलेल्या, लहान आणि थोड्या पल्ल्याच्या होत्या; त्यांना शत्रूच्या मुख्य बंदरापर्यंत नेणे हे पुस्तकात बसणारे नव्हते. दोन्ही निर्णय फसले असते तर चौकशी मंडळाला ठपका ठेवायला भरपूर जागा होती. आज आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो हिशेब करून पत्करलेल्या जोखमीचा दिवस आहे, आणि अशी जोखीम पत्करणारा अधिकारी वीस वर्षे आधी, एखाद्या छोट्या नौकेवर छोट्या जोखमी घेत, मधूनमधून चुकत घडलेला असतो.

कठोर शिक्षेने नौदल भित्रे होते, असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नये. इतिहास त्याच्या विरुद्धही साक्ष देतो. १७५६ मध्ये मिनॉर्का बेट वाचवायला गेलेले ब्रिटिश ॲडमिरल जॉन बिंग अनिर्णित लढाईनंतर माघारी फिरले. भ्याडपणाच्या आरोपातून ते सुटले, पण शक्य ते सारे प्रयत्न केले नाहीत या आरोपाखाली दोषी ठरले आणि त्या कलमाला मृत्युदंडाखेरीज दुसरी शिक्षा नव्हती. न्यायालयाने स्वतः दयेची शिफारस केली, राजाने ती मानली नाही आणि १४ मार्च १७५७ रोजी त्यांना ‘मोनार्क’ या जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या गेल्या. ती शिक्षा अन्यायाची होती असेच मला वाटते. परंतु त्यानंतरच्या पिढ्यांतले ब्रिटिश कप्तान अधिक आक्रमक झाले, असे अनेक इतिहासकार मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण तिथे शिक्षा झाली होती हात आखडता घेतल्याबद्दल. आपल्या शांतताकालीन पद्धतीत हात आखडता घेतल्याबद्दल शिक्षा झाल्याचे मला तरी आठवत नाही. सराव कमी केला, रात्रीच्या अवघड कवायती टाळल्या, जहाज शक्यतो बंदरात ठेवले म्हणून कोणाचे नेतृत्व गेले, असे ऐकिवात नाही.

आता वरच्या पायऱ्यांकडे येऊ. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीत धूर कोंडला आणि दोन तरुण अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याआधीच्या काही महिन्यांत नौदलात अपघातांची मालिकाच झाली होती. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि सरकारने तो त्याच दिवशी मंजूर केला. भारताच्या नौदलप्रमुखाने अशा कारणाने पद सोडण्याची ती पहिलीच वेळ होती. जोशी हे पाणबुडीविरोधी युद्धाचे तज्ज्ञ, ‘विराट’ या विमानवाहू जहाजाचे माजी कॅप्टन. त्यांच्या कार्यकाळाचे सुमारे दीड वर्ष शिल्लक होते. त्या वेळी पुष्कळांनी १९५६ मधल्या रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांच्या राजीनाम्याची आठवण काढली.

ती तुलना वरवर शोभून दिसते, पण तिच्यात एक खोट आहे. शास्त्री मंत्री होते. रेल्वेचे रूळ, पूल, डबे यांवर पैसा कधी आणि किती खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या मंत्रालयाकडे होता. नौदलप्रमुखाकडे तसा अधिकार नाही. राजीनाम्यानंतर काही महिन्यांनी दिलेल्या मुलाखतीत जोशी यांनी नेमके यावरच बोट ठेवले: व्यावसायिक ज्ञान आणि जबाबदारी सेनादलाकडे, अधिकार मात्र दुसरीकडे, अशी ही रचना आहे, देशात तयार होणाऱ्या पाणबुडीच्या बॅटऱ्या बदलायच्या किंवा देशातल्याच गोदीत जहाजाची मोठी दुरुस्ती सुरू करायची, तरी मंजुरी दलाच्या हातात नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ‘सिंधुरत्न’ ही १९८८ मध्ये नौदलात दाखल झालेली पाणबुडी होती. जुन्या पाणबुड्या चालवत ठेवायच्या, नव्या वेळेत आणायच्या नाहीत, दुरुस्तीच्या फायली मंत्रालयात फिरू द्यायच्या, आणि अपघात झाला की नौदलप्रमुखाच्या सद्सद्विवेकबुद्धीने सगळ्यांची सुटका करायची, हे मला उत्तरदायित्वाचे उदाहरण वाटत नाही.

जोशी यांच्या कृतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तिचा परिणाम मात्र उलटा झाला असे वाटते. सर्वोच्च अधिकाऱ्याने पद सोडले की प्रश्न संपला असे सर्वांनाच वाटू लागते. बॅटऱ्यांचे काय, गोदीतल्या दिरंगाईचे काय, हे विचारण्याची निकड एका दिवसात विझते. त्यानंतर ज्येष्ठतेने पुढे असलेले, पण हे अपघात ज्यांच्या विभागात घडले होते ते पश्चिम विभागाचे प्रमुख सिन्हा डावलले गेले आणि त्यांनी मुदतपूर्व निवृत्ती मागितली. त्यांचा दोष होता की नव्हता? असला तर कोणता? नसला तर त्यांना का वगळले? हे नागरिकांना कळलेले नाही आणि, माझ्या मते अधिक वाईट म्हणजे, त्यांच्यामागून येणाऱ्या शेकडो अधिकाऱ्यांनाही कळलेले नाही. त्यांनी घेतला असेल तर एवढाच धडा घेतला असेल की आपल्या कारकिर्दीत काही घडू नये. जे घडू नये ते घडू न देण्याचे दोन मार्ग असतात: एक, सराव वाढवून कौशल्य वाढवणे; दुसरा, जहाज कमी हलवणे.

सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०१७ मधील अहवालानुसार २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना ३८ अपघात झाले आणि ३३ जणांचे प्राण गेले. सुरक्षिततेची स्वतंत्र यंत्रणा नौदलात २०१४ पर्यंत नव्हती, असेही त्या अहवालात नोंदवले आहे. इतक्या अपघातांनंतर इतक्या कॅप्टनांना दंड झाले असतील, पण अपघातांचे कारण कॅप्टनांच्या वैयक्तिक चुकांत किती आणि दुरुस्ती, प्रशिक्षण, मनुष्यबळ यांत किती, हे वाचकाला सांगणारा एकही चौकशी अहवाल समोर ठेवला जात नाही. अमेरिकेच्या नौदलाचे २०१७ मध्ये ‘फिट्झजेराल्ड’ आणि ‘जॉन मॅककेन’ या दोन विनाशिकांच्या टकरींत १७ खलाशी गेले, तेव्हा त्या विनाशिका ज्यात होत्या त्या सातव्या ताफ्याच्या प्रमुखालाही दूर करण्यात आले आणि दोन्ही टकरींचे अहवाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या क्षणी कोणी कोणता आदेश दिला, कोणाचे प्रशिक्षण अपुरे होते, थकलेल्या माणसांकडून किती काम करून घेतले जात होते, हे त्यात लिहिलेले आहे. ते नौदल आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही. आपल्या कॅप्टनांना तेही फार चटकन घरी पाठवते. फक्त लिहून सांगण्याची सवय तिथे आहे.

मग करायचे काय? नागरी विमानवाहतुकीत अपघाताची तांत्रिक चौकशी आणि दोषनिश्चिती या वेगळ्या ठेवतात. पहिलीचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच असतो, म्हणून वैमानिक मोकळेपणाने बोलतो. नौदलातही तसे करता येईल. चौकशी मंडळापुढे दिलेली प्रामाणिक कबुली हाच पुढे ठपक्याचा पुरावा होत असेल तर कोणी पूर्ण सत्य का सांगावे? दुसरे, निवड मंडळाकडे जाणाऱ्या फायलीत चुकीसोबत तिचे स्वरूपही नोंदले जावे: ती अवघड काम करताना झाली की हलगर्जीने, आणि नंतर त्या अधिकाऱ्याने आपल्या जहाजावर काय बदलले. ‘डेकॅटर’च्या प्रकरणात न्यायमंडळाने हाच विवेक दाखवला होता, अधिकारी तरुण आहे, आधीची सेवा चांगली आहे, चूक कबूल आहे, तेव्हा ताशेरे ओढा आणि कामाला लावा. तिसरे, दोषाची साखळी जहाजापाशी किंवा विभागाच्या मुख्यालयापाशी थांबू नये. बॅटरी बदलण्याचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती महिने पडून होता हे अपघाताच्या अहवालात आलेच पाहिजे, मग ते टेबल गणवेशातल्या माणसाचे असो वा नसो.

संरक्षण मंत्रालय याला गोपनीयतेचे उत्तर देईल. शस्त्रांचे तपशील, सोनारची क्षमता, गस्तीचे मार्ग हे अर्थातच झाकून ठेवावेत. परंतु मंजुरीसाठी गेलेल्या फाईलच्या तारखा, गोदीत गेलेल्या महिन्यांचा हिशेब आणि ब्रिजवर उभ्या अधिकाऱ्याची त्या दिवशीची झोप यांतून शत्रूला मिळण्यासारखे काही नाही. एवढा भाग संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दर अपघातानंतर सहा महिन्यांत ठेवावा आणि समितीने तो प्रसिद्ध करावा. २०१४ च्या अपघातापासून सुरुवात करायलाही हरकत नाही.